मागची पेर

वहिनी, आपलं भांडण अर्धं राहिलं आहे.

आईच्या पंचाहत्तरीचं. मी म्हणत होते हॉल, तू म्हणत होतीस शेत. शेवटच्या फोनवर मी चिडले आणि म्हणाले की रविवारी वळसंगला येते, मग समोरासमोर बोलू. तू म्हणालीस, "या की. आदी भाकरी खाऊ, मग भांडू. उपाशीपोटी भांडलं की लवकर दमायला होतंय."

तो रविवार उजाडायच्या आधीच तू गेलीस. कशानं गेलीस, कुठल्या दवाखान्यात काय झालं, हे मी इथं लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना ते कळलं आहे, आणि तुला त्यात काही रस वाटला नसता. तू विचारलं असतंस, "ते ऱ्हाऊ द्या. आत्याबाईंच्या कार्यक्रमाचं काय ठरलं?" काय ठरलं तेच सांगायला बसले आहे.

माझा बेत तुला पहिल्यापासून पटला नव्हता. अक्कलकोट रोडवरचं एक मंगल कार्यालय मी बघून ठेवलं होतं. स्टेज, मागे आईचा मोठा फोटो, केक, शाल, चार माणसांची भाषणं. आमच्या घरात आजवर कुणाचा वाढदिवस झालेला नाही. मी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, तिथले सहकारी आपापल्या आईवडलांची पंचाहत्तरी करतात, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळतात. मी तिथं जेवून येते आणि परत येताना रिक्षात मला आई दिसते. माणसांच्या घोळक्यात ती नेहमी मागे असते, कुणाला तरी वाढत, कुणाचं तरी पोर सांभाळत. एकदा तरी सगळ्यांनी तिच्याकडे तोंड करून बसावं, एवढंच माझ्या मनात होतं.

तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "आत्याबाईंना खुर्चीवर बसवणार. त्या पदर सावरत बसतील, हातातली बशी हातातच. वन्सं, त्यांचा वाढदिवस करायचा हाय का त्यांची परीक्षा घ्यायचीय?"

मला हसू आलं होतं. ते मी फोनवर तुला कळू दिलं नाही.

तुझा बेत सरळ होता. आईला जन्मतारीख नाही. आधार कार्डावर आहे ती कुणीतरी अंदाजानं टाकलेली. तिच्या माहेरी, वैरागला, तिची आई सांगायची की रझाकारांची धास्ती सरली त्या साली, हुरड्याच्या दिवसांत ही झाली. म्हणजे आईला तारीख नाही, पीक आहे. तू तेच धरलंस. कणसात दूध भरलं की आत्याबाईंचा वाढदिवस, असं तू ठरवून टाकलंस. आणि पुढची अट घातलीस. आईनं जन्मभर आगटीपाशी बसून पाहुण्यांना हुरडा चोळून दिला. शेणकुटांच्या निखाऱ्यातून कणीस काढायचं, दोन्ही हातांनी चोळायचं, फुंकून कोंडा उडवायचा आणि समोरच्याच्या हातावर द्यायचं. सगळे उठल्यावर ती खायची, तोवर तिच्या वाट्याचा हुरडा गार होऊन चिवट झालेला असायचा. तू म्हणालीस, "त्या दिवशी आत्याबाई आगटीपाशी फिरकायच्या न्हाईत. आमी चोळायचं, त्यांनी खायाचं. ऊन ऊन. बास, एवढाच कार्यक्रम."

त्यासाठी तू तुझ्या माहेराहून, अक्कलकोटच्या पलीकडून, हुरड्याच्या ज्वारीचं बी आणलंस आणि विहिरीकडच्या तुकड्यात पेरलंस. अर्धा तुकडा एकदा, आणि उरलेला अर्धा आठवडाभर थांबून. हुरडा कुणासाठी थांबत नाही. दूध भरतं, दाणा गोड होतो आणि बघता बघता कडक होऊन त्याची ज्वारी होते. म्हणून तू सोय करून ठेवलीस. पाहुण्यांची तारीख मागंपुढं झाली, तर पहिला चुकला तरी दुसरा सापडेल.

आईला ते अजिबात आवडलं नाही. तिनं बांधावर उभं राहून तुला सुनावलं होतं, "एका तुकड्यात दोन पेरण्या? लई शानी झालीस. पाखरांची सोय केलीस व्हय?"

"व्हय," तू म्हणालीस. "पाखरांची पण पंचाहत्तरी करायची हाय."

तुम्ही दोघी अशाच बोलायचात. एवढ्या वर्षांत तुमच्या भांडणाला कधी विषय लागला नाही. आमटीतलं मीठ, दारातली चप्पल, शेळीचं दावं, काहीही चालायचं. शेजारच्यांना वाटायचं या आज ना उद्या चुली वेगळ्या करणार. दादानं एकदा वैतागून खरंच तसं सुचवलं, तर तुम्ही दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडलात. दोन दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही, आणि त्या दोन दिवसांत तुम्ही एकमेकींशी भांडला नाहीत. आई फारच बोलली की तू चुलीकडं तोंड फिरवून कानडीत पुटपुटायचीस. आई मला विचारायची, "काय म्हनतीय गं ती?" मला कानडी येत नव्हती. मी म्हणायचे, देवाचं नाव घेतीय. आई म्हणायची, "घेऊ दे."

मी आठवीत असताना तू घरात आलीस. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. तरी तू मला पहिल्या दिवसापासून अहो-जाहो करत राहिलीस, कारण मी नणंद. आणि मी तुला अगं-तुगं. वेण्या घातलेल्या पोरीला तू "वन्सं, तुमी जेवलात का" असं विचारायचीस, तेव्हा मला वर्गात पहिलं आल्यासारखं वाटायचं.

माझी बारावी झाली तेव्हा आबांनी, म्हणजे आमच्या काकांनी, स्थळ आणलं होतं. आईच्या मनात ते भरलं होतं. मला पुढं शिकायचं होतं आणि मी रडत होते, म्हणजे काहीच करत नव्हते. तू मला म्हणालीस की रडू नका, मी बघते. मला वाटलं तू आईला समजावशील. तू समजावलं नाहीस. तू भांडलीस. स्थळाचं नाव न काढता तू दुधावरून भांडलीस, सरपणावरून भांडलीस, गोठ्यावरून भांडलीस, रोज, सकाळपासून. शेवटी आई मेटाकुटीला आली आणि म्हणाली, "तुला पायजे तरी काय?" तू म्हणालीस, वन्संना सोलापूरला कॉलेजात घालायचं. आई म्हणाली, "घाल. पन माझं डोकं खाऊ नको."

त्या रात्री तू मला सांगितलंस, "आत्याबाईंना इनंती केली की त्या न्हाय म्हनत्यात. सवयच लागलीय त्यांना, सगळ्यांनी मागायचं आन् ह्यांनी पुरवायचं, मग कुटंतरी न्हाय म्हनाया नको का? भांडलं की बरं वाटतं त्यांना. बरोबरीचं कुनीतरी हाय असं वाटतं."

मी तेव्हा मान हलवली होती. समजलं मात्र आत्ता.

माझ्या पदवीदानाला तुम्ही दोघी आलात आणि मंडपात पंख्याखाली कुणी बसायचं यावरून भांडलात. आमच्या घरातली ती पहिली पदवी. नाव पुकारल्यावर मी स्टेजवरून खाली बघितलं, तर तुम्ही दोघी एकाच खुर्चीवर अर्ध्या-अर्ध्या बसल्या होतात आणि दोघींचं तोंड माझ्याकडं होतं. मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानायला गेले असते तर तू म्हणाली असतीस, "वन्सं, सरका जरा, भाकरी करपतीय." आता तुझी लेक श्वेता माझ्याकडं राहून शिकते आहे. तिचा डबा भरताना मी तुझे आभार मानते असं समज. डबा ती नीट खात नाही, ते वेगळं.

तू गेलीस त्या दिवशी तुझी आई, अव्वा, माहेरच्या माणसांबरोबर आली. तिला मराठीचा एक शब्द येत नाही, हे तुला माहीत आहेच. अंगणात बायका होत्या, रडारड होती, आणि अव्वा जोत्यावर बसून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या लेकीबद्दल लोक काय बोलताहेत हेही तिला कळत नव्हतं. तेव्हा आई उठली. तिच्यापाशी जाऊन बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अव्वा, ऊटा आतेन?"

जेवण झालं का. तू रोज संध्याकाळी अव्वाला फोन लावायचीस आणि पहिलं वाक्य हेच विचारायचीस. वैरागची बाई कानडी कधी शिकली, कुणालाच माहीत नव्हतं. पुढंही ती तुटक तुटक बोलत राहिली, सगळी तुझीच फोनवरची वाक्यं. गुडघे दुखतात का. पाऊस झाला का. म्हैस दूध देते का. त्या वेळी यातलं काहीच विचारण्यासारखं नव्हतं, पण अव्वा एकेका प्रश्नाचं उत्तर देत रडत राहिली. आईला एवढी वर्षं सगळं कळत होतं, वहिनी. चुलीकडं तोंड करून तू तिला काय काय म्हणत होतीस, तेसुद्धा.

त्यानंतर आई गप्प झाली.

रडली असती, कुणावर ओरडली असती, तर मला एवढी भीती वाटली नसती. दादा विचारायचा, तेराव्याला आचारी कोण सांगू, ती म्हणायची, "करा तुमच्या मनानं." गोठ्याचं काय, "करा तुमच्या मनानं." एके दिवशी मी केलेल्या आमटीत मीठच नव्हतं. मला पहिल्या घासाला कळलं. मी तिच्याकडं बघत राहिले. ती खाली मान घालून सगळी आमटी जेवली आणि हात धुऊन उठली.

तेराव्याला आबांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की आता वर्षभर घरात गोड नाही, सण नाही, ते वाढदिवसाचं काय चाललं होतं ते विसरायचं. दादानं मान डोलावली. त्याच्यात काही उरलंच नव्हतं. मी आईला बाजूला घेऊन म्हणाले की वहिनीनं एवढं ठरवलं होतं, पेरलं होतं, लोकांना बोलावलं होतं, तिच्यासाठी म्हणून करू. मी फार मऊ आवाजात बोलले. आईही तेवढ्याच मऊ आवाजात म्हणाली, "सून गेली आन् सासू वाढदिवस करतीय. असं असतंय व्हय बाई?" आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

मी सोलापूरला परत आले, कामावर जाऊ लागले. पण एक गोष्ट मनातून जाईना. आईला अशी सोडली तर ती अशीच राहील. भिंतीकडं तोंड करून, अळणी आमटी खात, सगळ्यांना हो म्हणत. तुझ्यामागं तीही जाईल, फक्त तिला वेळ लागेल. हे मी होऊ देणार नव्हते. हुरड्याचा कार्यक्रम होणं न होणं ही माझ्यासाठी आता हौसेची गोष्ट राहिली नव्हती. ती माणसांत परत येणार की नाही, याचा तो सवाल होता. आणि कणसं वाढत होती.

पुढच्या सुटीला मी वळसंगला गेले, तेव्हा दादानं शेतातून एक कणीस आणून माझ्यापुढं ठेवलं. मी दाणा दाबून बघितला. कडक. दादा म्हणाला, ज्वारी झाली, संपला विषय. आई उंबऱ्यापाशी बसली होती. मला एकदम राग आला. दादाचा, आबांचा, दवाखान्याचा, तुझाही. तो खरा राग होता, नाटक नव्हतं.

"झालं, गेला हुरडा," मी म्हणाले. "आई, तू म्हणत होतीस तेच खरं. दोनदा पेरून काय मिळालं? वहिनीचा सगळा कारभारच असा. आपल्याच मनाचा."

आईनं मान वर केली. "काय म्हनालीस?"

पहिलं बोलणं रागाचं होतं. पण तिचा तो आवाज ऐकला आणि मला तू आठवलीस, दुधावरून आणि सरपणावरून भांडणारी. पुढचं मी समजून-उमजून बोलले.

"खरं तेच म्हणाले. नुसती पाखरांची सोय केली तिनं."

"गप," आई म्हणाली. "मागची पेर तिनं काय येडी म्हनून केली? एक चुकला तर दुसरा हाय, म्हनूनच केली की. तू बघितलंस का जाऊन तुकड्यात? ह्यानं पुढचं कणीस मोडून आनलं आन् तू निकाल देऊन मोकळी. एवढी शिकलीस कशाला?"

"तू तरी बघितलंस का?"

"मला काय बघायचंय? पेरताना मी हुबी व्हते तितं."

"मग चल. दाखव."

ती उठली, वहिनी. तू गेल्यापासून ती पहिल्यांदा कुणी हात न देता उठली. चप्पल घालायला विसरली. मी तिच्या मागं, माझ्या मागं दादा. वाटेत ती मला बोलतच होती, की पोरींना पुस्तकं कळतात पण समोरचं दिसत नाही, की मी लहानपणापासूनच उतावीळ, की आमटीत मीठ घालायचं मला अजून कळत नाही. आमटीचं तिला त्याच दिवशी कळलं होतं तर.

पुढची पेर तिनं हात न लावता ओलांडली. मागच्या पेरीत शिरली, एक कणीस वाकवलं, दाणा नखानं फोडला. पांढरं दूध तिच्या अंगठ्यावर आलं. ते तिनं मला दाखवलं नाही. स्वतःच बघत राहिली. मग दुसरं कणीस बघितलं, तिसरं बघितलं. पलीकडून पोपटांचा थवा उठला. तुझ्यामागं पाखरं राखायला कुणी गेलंच नव्हतं, कडेची एक ओळ त्यांनी पार पोखरली होती. आईनं खाली वाकून ढेकूळ उचललं, फेकलं आणि अशी आरोळी दिली की विहिरीवरची कबुतरंसुद्धा उडाली.

"चार-पाच दिस हायत," ती म्हणाली. "त्याच्यात काय ते करा."

घरी आलो तर आबा ओट्यावर बसलेले. त्यांना सुगावा लागला होता. ते आईला समजावू लागले की वैनी, रीत म्हणून काही आहे, अजून दुखवटा आहे, लोक काय म्हणतील. आई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि एक एक करून सांगू लागली.

"गोड करायचं न्हाय ना? न्हाय करत. हुरड्याबरोबर गूळ ठेवायचा न्हाय, रेवडी न्हाय. तळायचं न्हाय, तर घरात कढई चढवायची न्हाय. चूल पन पेटवायची न्हाय, आगटी शेतात हाय. हार न्हाय, केक न्हाय, वाढदिवस हे नाव कुनी काढायचं न्हाय. नुसती शेंगाची चटणी आन् ताक. चटणी खाऊ नका असं कुटल्या रितीत लिव्हलंय ते सांगा मला."

"लोकं..." आबा म्हणाले.

"लोकं खायाला येनार हायत, म्हनायला न्हाय."

 मग आबांनी विचारलं की शेणकुटं कुठून आणणार, तुमच्याकडची तर अवकाळी पावसानं भिजलीत. आणि संध्याकाळी स्वतःच्या परसातली बैलगाडीतून पाठवून दिली.

मी फोन करायला बसले. तू येळवशीच्या सणापासून, म्हणजे वेळ अमावास्येपासून, गावभर, भाऊकीत, माहेरी, कुणाकुणाला तोंडी आवतण देत सुटली होतीस, ते आठवून आठवून काढलं. लोकांना काय म्हणायचं हा प्रश्न होता. वाढदिवस म्हणता येत नव्हतं, दुःखाचं जेवण म्हणता येत नव्हतं. शेवटी मी सगळ्यांना एकच सांगितलं, की वहिनीनं बोलावलं होतं, तिचं बोलावणं कायम आहे.  बहुतेक जण म्हणाले, येतो. काही जण नाही म्हणाले. त्यांचा मला राग नाही. मंगल कार्यालयाला मी आधीच नकार कळवून टाकला होता.

त्या दिवशी सकाळी दादानं विहिरीजवळ खड्डा केला, आगटी पेटवली आणि स्वतः बसला. त्याला हे काम कधी कुणी दिलंच नव्हतं. आईला घोंगडीवर बसवलं, शेजारी अव्वाला. आई सवयीनं दोनदा उठली. पहिल्यांदा मी अडवलं तर तिनं माझा हात झटकला. दुसऱ्यांदा अव्वानं तिचा पदर धरून खाली ओढलं आणि म्हणाली, "कुंद्रव्वा." बस गं बाई. आणि आई बसली. सगळे आगटीभोवती गोल करून बसले होते, त्यामुळे आपोआपच सगळ्यांची तोंडं तिच्याकडं होती. कुणी भाषण केलं नाही. तिच्या अंगावर शाल नव्हती, नेहमीचंच लुगडं होतं.

दादानं निखाऱ्यातून कणीस काढलं, चोळलं, हात पोळला म्हणून झटकला, परत चोळलं. श्वेतानं फुंकर मारली. पहिली मूठ आईच्या ओंजळीत पडली. आईनं दाण्यांकडं बघितलं.

"कोंडा खाऊ घालतूस व्हय रं आईला?"

दादा ओशाळला, आणि मग आम्ही सगळेच हसलो. रडत होतो तेही हसलो. आईनं स्वतः फुंकून कोंडा उडवला आणि घास तोंडात टाकला. लगेच तिनं तोंडाशी हात नेला. डोळे मोठे केले. तो घास तिला इकडून तिकडं फिरवावा लागला.

"एवढा ऊन असतोय व्हय?" ती म्हणाली. "लोकं खात्यात तरी कशी?"

तिला माहीत नव्हतं, वहिनी. एवढं वय झालं, शेकडो माणसांच्या हातावर तिनं तो ठेवला, आणि जीभ भाजते हे तिला माहीत नव्हतं. मग ती भराभरा खात राहिली. अव्वाच्या हातावर घालत राहिली आणि स्वतः खात राहिली. दादाला म्हणाली, हात चालव. चटणीत लसूण कमी आहे म्हणाली. चटणी मी केली होती.

हॉलचं भांडण तू जिंकलीस, हे मी कबूल करते. पण पूर्ण नाही. सगळ्यांनी तिच्याकडं तोंड करून बसावं, एवढं माझंही झालं. तू असतीस तर हे मान्य केलं नसतंस, आणि आपण त्यावरून परत भांडलो असतो.

दुपार कलली, पाहुणे पांगले. काही जणांना कणसं घरी न्यायची होती, म्हणून दादा विळा घेऊन राहिलेल्या ओळी कापायला निघाला. आईनं त्याला थांबवलं. एवढ्या ओळी उभ्या ठेवायच्या, पुरत्या पिकू द्यायच्या, त्यांचं बी धरायचं. दादा म्हणाला, बी काय, सोलापुरात कुठल्याही दुकानात मिळतं. आई म्हणाली, "हे न्हाय मिळत. हे तिच्या म्हायेरचं हाय."

मग माझ्याकडं वळून ती सवयीनं बोलून गेली, "पुढल्या साली म्हानंदाला म्हनावं, मागची पेर अजून जरा मागं..." आणि थांबली.

दादा विळ्याकडं बघत राहिला. अव्वाला शब्द कळले नाहीत, तुझं नाव कळलं.  पुढच्या साली म्हणाली होती ती. मला तेवढंच ऐकू आलं होतं, आणि मला तेवढंच धरून ठेवायचं होतं.

"मी पेरीन," मी म्हणाले.

"तू?" आईनं माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुला पाभरीचं तोंड कुटं असतं ते तरी ठावं हाय का?"

"नाही. तू बांधावर उभी राहून सांगायचंस. चुकलं तर भांडायचं."

"तुला भांडाया कुटं येतंय," आई म्हणाली.

"येईल. बी धर तू."

 ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर कमरेला खोचला, आणि वहिनी, चांगली भरलेली कणसं कुठली ते बघत तुझ्या ओळीत शिरली.